शाहूपुरीतलं मोमेंटोचं दुकान: माझा अनुभव

विज्ञानात काम करणाऱ्या तीन माजी विद्यार्थिनींचा सत्कार आमची शाळा २६ फेब्रुवारीला करते. तारीख मुद्दाम धरलेली आहे. १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशींची नेमणूक आपल्या कोल्हापुरातच झाली होती, आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आजच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयात, स्त्रियांच्या वॉर्डावर. रुजू व्हायच्या आधीच, २६ फेब्रुवारी १८८७ ला त्यांचं निधन झालं. बावीस वर्षंही पुरी नव्हती.

यंदा मोमेंटो शाहूपुरीतल्या एका छोट्या दुकानातून करून घेतले. तयार नमुने पुष्कळ, पण बायकांसाठीचे सगळे सारखेच: हातात निरांजन घेतलेली बाई आणि खाली 'कर्तृत्ववान महिला'. मला ते नको होते. १९६१ साली असीमा चटर्जींना विज्ञानातला भटनागर पुरस्कार मिळाला, तो मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. आणि मिळाला तो रसायनशास्त्रातल्या कामासाठी. मग आमच्या मुलींच्या पाटीवरही काम काय केलं तेच यायला हवं. 'संसार सांभाळून' हे शब्द कुठल्या पुरुष शास्त्रज्ञाच्या पाटीवर असतात?

मालकांनी सगळं ऐकून घेतलं. "बाई, मग नाव जरा बारीक करतो, कामाला दोन ओळी सोडतो. चालंल काय?" निरांजनाच्या जागी त्यांनी उद्यमनगरातून पितळेचा सूक्ष्मदर्शक कापून आणला. नळीचा तिरकस कोन, खालचा आरसा, सगळं जिथल्या तिथं. तीस वर्षं प्रयोगशाळेत हाताळलेली वस्तू. बघून जीव सुखावला.

प्रूफ मात्र चुकलं. 'सूक्ष्मजीवशास्त्र' मधली जोडाक्षरं फुटली होती. लेझरच्या मशीनवर फॉन्ट बदलला की असं होतं, ते समजू शकते. पण 'डॉ.' च्या जागी 'सौ.' पडलं होतं, टाइप करणाऱ्या मुलाच्या हातातल्या सवयीनं. त्या मुलीनं क्षयाच्या जंतूंवर सहा वर्षं घालवून ते अक्षर मिळवलंय. मी तिथंच बसून तिन्ही मजकूर परत लिहून दिले. त्यांनी जादा पैसे न घेता पाट्या नव्यानं केल्या, पण माल दोन दिवस उशिरा, कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी हातात आला.

एकाचे ८५० रुपये पडले. पितळेचं काम बघता रास्त वाटले. पुढच्या वर्षीही तिथंच जाणार. तुम्हीही गेलात तर ऑर्डर जानेवारीतच द्या, आणि प्रूफ मोबाइलवर न बघता दुकानात जाऊन अक्षर न् अक्षर वाचा.