वाशीचं इम्पोर्टेड सामानाचं दुकान आणि आमची कॉर्कची वहिनी (साडेतीन स्टार)

दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण पुढे थोडी कटकट पण करणारे आणि दुकानदार माणूस तसा चांगला आहे.

तर झालं असं की दादाची बायको आयर्लंडची, कॉर्क शहराची, आणि दीड वर्षापूर्वी दोघं इकडे घोडबंदर रोडला राहायला आली. वहिनीचं बाकी सगळं झकास चाललंय, मिसळ खाते, लोकलमध्ये चढते, आईशी मराठीतून भांडते (मराठी अर्धं, भांडण पूर्ण). अडलं फक्त चहाला. आपला आलं घातलेला चहा तिला आवडतो, पण ती त्याला चहा म्हणत नाही, गोड पदार्थ म्हणते. सकाळी उठल्या उठल्या तिला बॅरीज लागतो. ही कॉर्कचीच कंपनी, १९०१ पासूनची, आणि तिकडे म्हणे घराघरात बॅरीजवाले आणि लायन्सवाले असे दोन पक्ष असतात, आपल्याकडे हापूस रत्नागिरीचा की देवगडचा यावरून जसं होतं तसं. येताना आणलेले डबे सहा महिन्यांत संपले आणि मग घरात जो काही मूड होता त्यावर दादाने मला फोन केला, तू वाशीला जातेस ना, बघ ना कुठे मिळतंय का.

दोन तीन ठिकाणी चौकशी केली, ठाण्यातल्या मॉलमध्ये पण बघून झालं, तिथे इंग्लिश ब्रेकफास्ट टी दाखवतात आणि वर विचारतात हे चालेल ना. नाही चालणार हो. शेवटी ऑफिसातल्या एकीने हे दुकान सांगितलं आणि एका शनिवारी मी वहिनीला घेऊन ट्रान्सहार्बरने वाशीला गेले.

दुकान छोटंसं, एसी जोरात, नव्वद टक्के माल कोरियन नूडल्स, थाई सॉस आणि पास्ता. मागच्या कोपऱ्यात एक रॅक, त्यावर पाटी ‘यूके प्रॉडक्ट्स’, आणि त्याच पाटीखाली बॅरीज! आता आनंद व्हायला पाहिजे ना, तर वहिनी पाटीकडेच बघत उभी. मग त्या काउंटरवरच्या पोराला तिने १९२२ मध्ये आयर्लंड यूकेपासून वेगळा कसा झाला ते सगळं शांतपणे समजावलं, तो पण बिचारा मन लावून ‘हो मॅडम, हो मॅडम’ करत होता. पाटी अजून तशीच आहे.

चहाबद्दल बोलायचं तर पैसे वसूल. ऐंशी पिशव्यांच्या डब्याचे हजाराच्या वर गेले, जे मला आधी वेडेपणा वाटला, कारण बॅरीजच्या ब्लेंडमध्ये आफ्रिकेतल्या पत्तीबरोबर आसामची पत्ती असते, म्हणजे आसामातून निघालेली पत्ती कॉर्कला जाऊन पिशवीत बसून ड्यूटी भरून वाशीला परत आली आणि आम्ही ती विकत घेतली. पण करून प्यायल्यावर पटलं. एकदम कडक, रंग विटेसारखा, त्यात थोडं थंड दूध. साखर घालू का विचारलं तर वहिनीने नुसतं बघितलं.

आता वेफर्स. टेटो नावाचे चीज अँड अनियनचे वेफर्स म्हणजे आयरिश माणसाचा वीक पॉइंट, १९५४ मध्ये डब्लिनला कंपनी सुरू झाली, आणि पाकिटातल्या वेफर्सना असा फ्लेवर लावायची सुरुवात त्यांनीच केली असं मानतात. ब्रेडला बटर लावायचं, मध्ये टेटो भरायचे, दाबायचं, खायचं. हे ऐकून आईला धक्का बसला होता, मला अजिबात नाही, वडापाववाल्या माणसांनी कशाला नावं ठेवायची. दुकानात टेटोची पाकिटं होती, मी सहा उचलली, वहिनीने एक उलटं करून वाचलं आणि सगळी परत ठेवली. म्हणाली हे ते नाहीत, हे नॉर्दर्न आयर्लंडचे, म्हणजे यूकेतले टेटो. नाव तेच, कंपनी वेगळी, चव वेगळी. पोरगा म्हणाला ‘मॅडम, सेम ही है.’ त्या एका पाकिटापुरती रॅकवरची पाटी बरोबर होती, पण मी गप्प बसले.

कटकट आहे ती बटरची. केरीगोल्ड, १९६२ पासूनचा ब्रँड, तिकडच्या गाई बराचसा वेळ कुरणात चरतात म्हणून बटरला मुळातच पिवळा रंग येतो. दुकानात त्या दिवशी संपलं होतं म्हणून होम डिलिव्हरी सांगितली, ठाण्याला पाठवतो म्हणाले, बर्फाच्या पिशवीत टाकून पाठवू. मे महिना, दुपारी दोनला पार्सल आलं, बर्फ वगैरे काही नाही, आत सोनेरी रंगाचं तेल. फोन केला तर फ्रिजमध्ये ठेवा परत बसेल म्हणे. बसलं, पण रवाळ. पैसे परत नाही मिळाले, पुढच्या खरेदीत शंभर रुपये कमी केले. शिवाय इम्पोर्टरचा जो स्टिकर असतो ना मराठी माणसाच्या सहनशक्तीची परीक्षा बघणारा, बारीक अक्षरात, तो बरोबर मूळ तारखेवर चिकटवलेला. नखाने खरवडून बघायची सवय लावून घ्या, एका बिस्किटाच्या पुड्याला फक्त बारा दिवस राहिले होते आणि त्यावर डिस्काउंट शून्य.

डेअरी मिल्क तर घेऊच नका तिथून. डब्लिनमधल्या कूलॉकला बनलेली असते, वहिनीच्या मते आपल्यापेक्षा चांगली, असेल, पण ठाण्याच्या माणसाने, जिथे फॅक्टरीमुळे अख्ख्या चौकाला कॅडबरी जंक्शन नाव पडलंय, वाशीला जाऊन चौपट पैशात तीच वस्तू आणायची म्हणजे जरा अतीच होतं. ब्लॅक पुडिंग, म्हणजे डुकराचं रक्त आणि धान्य घालून केलेलं सॉसेज, ते विचारलं तर पोरगा फ्रीजरकडे बघून कस्टर्ड पावडर घेऊन आला. घरी येताना मी वहिनीला सांगितलं की आपल्याकडे बकऱ्याची रक्ती करतात तर डोळे असे चमकले तिचे. आता ते दादाने निस्तरावं.

ब्राऊन सोडा ब्रेडच्या पिठाचा किस्सा मात्र सांगायलाच पाहिजे. तिकडचं जाडं, कोंड्यासकटचं पीठ हवं होतं, दुकानदार म्हणाला ऑर्डर देऊन मागवतो, दीड महिना लागेल, आणि किलोचा जो भाव सांगितला त्यात आमच्याकडे महिन्याचे गहू येतात. मी वहिनीला म्हटलं ब्रेडमध्ये पडतं काय काय ते सांग. कोंड्याचं पीठ, मीठ, ब्रेड सोडा, बटरमिल्क. अगं मग! ब्रेड सोडा म्हणजे आपला खायचा सोडा, बटरमिल्क म्हणजे आईचं आंबट ताक, ताकातल्या आंबटाने सोडा फसफसतो आणि ब्रेड फुगतो, यीस्टची गरजच नाही. राहिलं पीठ. नौपाड्यातल्या गिरणीत दोन किलो गहू नेले आणि जाडसर, लापशीच्या थोडं अलीकडे दळून द्या म्हटलं, गिरणीवाले काका दोनदा म्हणाले ताई पोळ्या तुटतील. पहिला ब्रेड विटेसारखा झाला. दुसऱ्यात तिसरा हिस्सा मैदा घातला, ताक जास्त घातलं, मळलं जवळजवळ नाहीच, वरून सुरीने फुलीचा काप दिला, आणि तो असा काही जमला की वहिनी ओट्याशी उभ्या उभ्या दोन स्लाइस खाऊन मोकळी, अमूल लावून, कुणाला न विचारता. १७ मार्चला सेंट पॅट्रिक्स डे असतो तेव्हा तोच केला, होळीच्या उरलेल्या कटाच्या आमटीत बुडवून खाल्ला सगळ्यांनी. बाबांनी तीन वेळा घेतला.

म्हणून माझा हिशोब असा की चहासाठी जा, निवांत जा, बाकी रॅककडे बघू नका आणि डिलिव्हरी तर नकोच, निदान पावसाळा संपेपर्यंत. जायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवा, पाठवतो तो, त्या बाबतीत पोरगा फार सज्जन आहे. कालच मेसेज आलाय त्याचा, ‘मॅडम ओरिजिनल टेटो आ गया’. मी पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो मागितलाय, अजून आला नाही.