भाट्ये किनाऱ्यावरील ट्रायथलॉन प्रशिक्षण वर्ग : एका पावसाळ्याचा अनुभव

रत्नागिरीजवळ भाट्ये येथे चालणाऱ्या ट्रायथलॉन (पोहणे, सायकल आणि धावणे अशी सलग शर्यत) प्रशिक्षण वर्गात मी गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात नाव घातले आणि ऑक्टोबरअखेर वर्ग पूर्ण केला. मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. प्रवेश घेताना माझे वय 42 होते आणि लहानपणी आजोळच्या विहिरीत पोहायला शिकले होते, एवढीच काय ती पूर्वतयारी. अर्ध्या अंतराची शर्यत, म्हणजे 1.9 किलोमीटर पोहणे, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावणे, पूर्ण करता यावी हे वर्गाचे उद्दिष्ट आहे. गोव्यात मिरामारला 2019 साली पहिल्यांदा झालेली आयर्नमॅन 70.3 शर्यत याच अंतराची असल्यामुळे आमच्याकडच्या बहुतेकांची नजर तिकडे असते. पाच महिन्यांचे शुल्क 12,000 रुपये आहे.

या वर्गाचे खरे वेगळेपण शनिवारच्या बैठकीत आहे. संध्याकाळी तासभर आमचे प्रशिक्षक, म्हणजे सर, आपल्या पडवीत सगळ्यांना बसवतात आणि यान फ्रोडेनो या जर्मन खेळाडूची कारकीर्द शर्यतीमागून शर्यत अशी उलगडत नेतात. फ्रोडेनोचा जन्म 1981 साली कोलोन शहरात झाला, बालपणाचा मोठा काळ दक्षिण आफ्रिकेत गेला आणि खेळाची सुरुवात पोहण्यापासून झाली. 2008 साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्याने कॅनडाच्या सायमन व्हिटफील्डला अखेरच्या धावेत मागे टाकून सुवर्णपदक मिळवले. दोघांत अवघ्या पाच सेकंदांचे अंतर होते. त्याच ऑलिंपिकमध्ये महिलांचे सुवर्ण जिंकणारी ऑस्ट्रेलियाची एम्मा स्नोसिल पुढे त्याची पत्नी झाली. ऑलिंपिकची शर्यत पावणेदोन तासांत संपते, तर हवाई बेटावरील कोनाची शर्यत, म्हणजे पूर्ण अंतराच्या आयर्नमॅनची विश्वविजेतेपद स्पर्धा, 3.8 किलोमीटर पोहणे, 180 किलोमीटर सायकल आणि पूर्ण मॅरेथॉन मिळून आठ तासांच्या आसपास चालते. तिशी ओलांडल्यावर एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात जाताना शरीराला काय काय नव्याने शिकवावे लागते, हे सर ज्या बारकाईने सांगतात, ते ऐकण्यासाठी मी एकही शनिवार चुकवला नाही. कोनाच्या पहिल्याच प्रयत्नात, 2014 साली, तो तिसरा आला आणि पुढच्या वर्षी जिंकला. त्या तिसऱ्या क्रमांकाच्या शर्यतीत त्याची सायकल पंक्चर झाली होती. म्हणून पुढच्या सोमवारी आम्हा प्रत्येकाला घड्याळ लावून ट्यूब बदलायला बसवले गेले. मला पहिल्या दिवशी एकोणीस मिनिटे लागली, ऑगस्टमध्ये सहा.

जून ते ऑगस्ट या काळात कोकणात समुद्रात उतरण्याचा विचारही कोणी शहाणा माणूस करत नाही, मासेमारीच्या होड्याही किनाऱ्याला ओढून ठेवलेल्या असतात. त्यामुळे पावसाळ्यात हा वर्ग काय शिकवणार, अशी मला शंका होती. सरांनी त्याचे उत्तर फ्रोडेनोच्याच कारकिर्दीतून काढले आहे. एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदी असताना त्याने स्पेनमधील जिरोना येथील आपल्या घरीच पूर्ण अंतर पार केले होते. लहान तलावात यंत्राने सोडलेल्या प्रवाहाविरुद्ध पोहून, जागेवरच्या सायकलवर आणि ट्रेडमिलवर त्याने साडेआठ तासांत ते संपवले आणि त्यातून दोन लाख युरोंहून अधिक मदतनिधी उभा राहिला. आमच्याकडे प्रवाहाचे यंत्र कुठले असणार? सरांच्या पोफळीच्या बागेत शिंपण्यासाठी बांधलेला जुना हौद आहे. कमरेला पट्टा, पट्ट्याला सायकलच्या जुन्या ट्यूबची दोरी, आणि दोरीचे दुसरे टोक काठावरच्या पोफळीला बांधलेले. हात मारत राहायचे आणि जागेवरच राहायचे. वरून पाऊस कोसळत असे, पाण्यावर पोफळीची सुकी फुले तरंगत असत आणि दम लागून थांबले की ती दोरी अलगद मागे ओढून नेत असे. हात पाण्यात शिरताना कोपर खाली पडते, ही माझी चूक सरांनी हौदाच्या काठावर उकिडवे बसून दोन हातांच्या अंतरावरून पाहिली आणि तिसऱ्या दिवशी सुधारली. इतक्या जवळून लक्ष देणारे शिक्षण मोठ्या शहरांतल्या महागड्या तलावांतही सहज मिळत नसावे, असे मला वाटते.

नारळी पौर्णिमेनंतरही सर कोणाला लगेच समुद्रात सोडत नाहीत. पाणी निवळल्यावर, शक्यतो अष्टमीच्या आगेमागे, भांगाच्या भरतीला ओढ कमी असते तेव्हा, आणि काजळी नदीचे मुख सोडून पुष्कळ दक्षिणेला पोहणे सुरू होते. प्रत्येकाच्या कमरेला नारिंगी तरंगता फुगा आणि सोबत एक होडी असतेच. सुरक्षेच्या बाबतीत मला बोट ठेवायला जागा दिसली नाही. सायकलसाठी पावस आणि पुढे पूर्णगडकडे जाणारा रस्ता वापरला जातो. त्यावरील चढ-उतार पायांची चांगली परीक्षा घेतात. खाऱ्या हवेने साखळीला आठ दिवसांत गंज धरतो, म्हणून प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने सायकल धुवून तेल देण्याची सक्ती आहे आणि ती अत्यंत योग्य आहे.

माझा मतभेद आहे तो एका मुद्द्यावर, आणि तो मी सरांनाही समक्ष सांगितला आहे. 2017 साली कोनाला, सलग दोन वर्षांचा विजेता म्हणून उतरलेल्या फ्रोडेनोची पाठ मॅरेथॉनच्या सुरुवातीलाच आखडली. तो चालत राहिला, नऊ तासांहून अधिक वेळ घेऊन पस्तिसावा आला, पण शर्यत सोडली नाही. विजेता पॅट्रिक लांगे त्याच्या तासाभराहून अधिक आधी पोहोचला होता. ही कथा वर्गात दोन शनिवार चालली आणि आम्ही सगळेच भारावून गेलो. सप्टेंबरमध्ये माझी नडगी दुखू लागली तेव्हा त्याच भारावलेपणात मी धावत राहिले, आणि सरही “बाई, थोडं सोसा, संपवायचंच आहे” एवढेच म्हणाले. परिणामी माझे तीन आठवडे पूर्ण वाया गेले. खरे तर त्याच कारकिर्दीतले पुढचे वर्ष वर्गात तितक्याच विस्ताराने शिकवायला हवे. 2018 च्या सप्टेंबरात फ्रोडेनोने दक्षिण आफ्रिकेत अर्ध्या अंतराचे विश्वविजेतेपद जिंकले होते, तयारी शिगेला पोहोचली होती, तरीही कमरेच्या भागातील हाडाला सूक्ष्म भेग आढळताच त्याने कोनातून माघार घेतली. हाड भरू दिले आणि 2019 साली 7 तास 51 मिनिटे 13 सेकंद अशा तेव्हाच्या विक्रमी वेळेत तिसऱ्यांदा कोना जिंकले. त्याच दिवशी आन हाउग ही कोना जिंकणारी पहिली जर्मन महिला ठरली, आणि दोघांचाही प्रशिक्षक एकच, डॅन लोरांग. स्नायूचे दुखणे सोसता येते, हाडाचे नाही, हा फरक नवशिक्याला स्वतःहून कळत नाही. तो प्रशिक्षकानेच कळवायचा असतो. माझ्या बोलण्यानंतर सरांनी धावण्याच्या प्रत्येक दिवसाआधी दुखण्याची नोंद घेणारी वही सुरू केली, हे मोकळेपणाने नमूद करते.

आणखी एक उणीव म्हणजे किनाऱ्यावर महिलांना कपडे बदलण्यासाठी आडोसा नाही. आम्ही चौघी साड्यांचा पडदा धरून वेळ भागवत होतो. निदान एक छोटा तंबू वर्गाने घ्यावा. ताकदीच्या व्यायामाला आठवड्यातून एकच दिवस मिळतो, तोही अपुरा वाटतो.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी वर्गाची सराव शर्यत झाली. मी अर्धे अंतर 8 तास 20 मिनिटांत पूर्ण केले. धावण्याचे शेवटचे चार किलोमीटर चालत गेले, कारण नडगी पुन्हा कुरकुरू लागली होती. फ्रोडेनो वयाच्या 42व्या वर्षी, 2023 साली फ्रान्समधील नीस येथील विश्वविजेतेपद स्पर्धेत चोविसावा येऊन निवृत्त झाला, आणि त्याच वयात मी सुरुवात केली, हे सरांनी शेवटच्या शनिवारी सर्वांसमोर सांगितले. पुढचा वर्ग जूनमध्ये सुरू होईल. पोहता येत असेल आणि स्वतःची गियरची सायकल असेल, तर चाळिशीनंतरही येथे जरूर यावे. दुखणे मात्र पहिल्याच दिवशी वहीत लिहावे. मी यंदाही नाव घातले आहे.