दुसऱ्या घराची घरपट्टी आणि रिफंड काढून देणारा एजंट

नाशिकच्या पाथर्डी फाटा, म्हसरूळ, आडगाव या भागांत गुंतवणूक म्हणून दुसरा फ्लॅट घेतलेल्यांना गाठणाऱ्या एजंटचं बोलणं ठरलेलं असतं. "काका, थकलेली घरपट्टी मी मिटवतो. थकबाकीदारांच्या सवलतीच्या अभय योजनेत शास्ती, म्हणजे उशिराचा दंड, माफ करून घेतो. वर तीच रक्कम आयकर रिटर्नमध्ये दाखवून रिफंडही काढून देतो." पैसे रोख, किंवा त्याच्या स्वतःच्या यूपीआयवर.

समजा फ्लॅटचं भाडं महिना 9,000, म्हणजे वर्षाचं 1,08,000. थकबाकी शास्तीसह 38,000. एजंट 30,000 घेतो आणि पावती आणून देतो. रिटर्नमध्ये 1,08,000 मधून 30,000 गेले, उरलेल्या 78,000 वर 30 टक्के प्रमाणित वजावट, करपात्र 54,600. घरपट्टी न दाखवता हाच आकडा 75,600 आला असता. फरक 21,000, वीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये उपकर धरून 4,368 रुपये वाचले. म्हणजे साडेचार हजारांसाठी तीस हजार हातचे गेले, कारण पावती खोटी आणि महापालिकेत दमडीही जमा नाही. तिकडे दरमहा 2 टक्के शास्ती चालूच.

हे खपतं कसं? रिटर्नला पावती जोडावीच लागत नाही, नुसता आकडा भरायचा असतो. 31 मार्च 2026 पर्यंतच्या उत्पन्नाला लागू असलेल्या 1961 च्या आयकर कायद्याचं कलम 23 मात्र स्पष्ट आहे: घरपट्टी मालकाने त्याच आर्थिक वर्षात प्रत्यक्ष भरलेली हवी. बिल आलं म्हणून चालत नाही, भाडेकरूने भरली तरी चालत नाही. सोसायटीचा मेंटेनन्स तर यात बसतच नाही, तोही हे लोक बिनदिक्कत मिसळतात.

आणखी एक मेख आहे. फ्लॅट भाड्याने दिलेलाच नसेल तर 2019-20 पासून स्वतःच्या वापरातल्या दोन घरांचं वार्षिक मूल्य, म्हणजे ज्या रकमेवरून घराचं उत्पन्न मोजतात ती, शून्य धरता येतं. शून्यातून घरपट्टी वजा होत नाही. म्हणून एजंट बंद फ्लॅट "भाड्याने दिला" असं दाखवतो, भाडं नाममात्र टाकतो, घरपट्टी आणि कर्जाचं व्याज फुगवतो आणि तोटा पगारातून वळता करतो. रिफंड आला की टक्केवारी घेऊन पसार. पुढे तपासणीत चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर कलम 270अ खाली बुडवलेल्या कराच्या 200 टक्के दंड, तोही तुम्हालाच. रिटर्न भरतानाचा ओटीपी तुम्हीच दिलेला असतो.

नोटीस मात्र बऱ्याचदा कळतच नाही. लॉगिन हाती आलं की एजंट आयकर पोर्टलवर स्वतःचा मोबाइल आणि ईमेल टाकून ठेवतो. प्रोफाइल आजच उघडून बघा.

पावतीची खात्री करायला पाच मिनिटं पुरतात. बिलावरचा मिळकतीचा इंडेक्स नंबर महापालिकेच्या संकेतस्थळावर टाका. थकबाकी तेवढीच दिसली तर पैसे भरलेलेच नाहीत. शंका असेल तर विभागीय कार्यालयात जाऊन खातेउतारा मागा. पावतीवरचा शिक्का बघून काही कळत नाही, शिक्के कुठेही बनतात.

फसवणूक कळली तर आधी पासवर्ड बदला. यूपीआयने पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन, रोख दिले असतील तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार. रिटर्न मुदतीत असेल तर सुधारित भरा. मुदत गेली असेल तर अद्ययावत विवरणपत्र, त्यात मूल्यांकन वर्ष (असेसमेंट इयर) संपल्यापासून पहिल्या बारा महिन्यांत कर आणि व्याजावर 25 टक्के जादा पडतात. नोटिशीची वाट बघत बसलात तर हाही रस्ता बंद होऊ शकतो.

आणि थकबाकी स्वतः भरा. ज्या वर्षी भराल त्या वर्षी फ्लॅट भाड्याने दिलेला असेल, तर मागच्या वर्षांची घरपट्टीही रीतसर वजा मिळते.