बाहेरची सीट अडकली: हुक सरकवायचा, केबल बदलायची की लॉकच नवं घ्यायचं?

दुचाकीवर कंपनीची सोडून बाहेरून बसवलेली सीट उघडेना झाली की दुकानदार थेट नवं लॉक काढून ठेवतो. पैसे देण्याआधी चावी फिरवून बघा.

चावी फिरते पण जड जाते, आणि सीट वरून तळहाताने दाबून धरली की ‘टक्’ करून सुटते? मग लॉक ठणठणीत आहे. अशा सीटचा बेस, म्हणजे खालचा तळ, गाडीशी तंतोतंत जुळतोच असं नाही. त्यातून खालचे रबर नवे, कडक. ते सीट वर ढकलतात आणि सीटखालचा हुक लॉकच्या खिट्टीला ओढून धरतो. हुकाचे नट ढिले करा. भोक लांबट असेल तर एक-दोन मिलिमीटर सरकवा, नसेल तर हुक आणि बेसच्या मध्ये वॉशर घाला. खर्च जवळपास शून्य. वॉशर जास्त झाले तर मात्र सीट खडखडते.

चावी अगदी हलकी फिरते, काहीच ओढल्यासारखं वाटत नाही? चावीपासून खिट्टीपर्यंत जाणारी केबल तुटलीय किंवा तिच्या टोकाची गोळी खाचेतून निसटलीय. बऱ्याच गाड्यांत साइड पॅनल काढलं की केबल दिसते; पक्कडीने ओढा, सीट सुटेल. फटीतून स्क्रूड्रायव्हर खुपसू नका. खाली बहुधा बॅटरी असते, ठिणगी उडायला वेळ लागत नाही. केबल स्वस्त मिळते, पण नेताना जुनी सोबत न्या, लांबीत फसगत होते.

चावीच फिरत नसेल तर आधी लॉकमध्ये वंगणाचा स्प्रे मारून थोडा वेळ थांबा, जोर करू नका. चावी आत मोडली तर काम वाढलंच. नवं लॉक घ्यायचं ते फक्त आतला भाग झिजला असेल तर. आणि नुसतं सीटचं लॉक बदललं तर खिशात दुसरी चावी आली. एकच चावी राहावी म्हणून गाडीचा सगळा लॉकसेट बदलणं हा सर्वात महाग मार्ग.

बेसच लवचिक, वाकणारा असेल तर मात्र हुक कितीही सरकवा, पुन्हा अडकणार. तिथे मी कंपनीची जुनी सीट काढून, तिच्याच बेसवर सीटकव्हरवाल्याकडून नवा फोम भरून घेईन.

काहीही केलंत तरी सीट लगेच आपटून बंद करू नका. उघड्या लॉकमध्ये स्क्रूड्रायव्हरची दांडी दाबून खिट्टी बसवा, चावी फिरवा. दांडी सुटली, तरच सीट लावा.