३० कॅरिअर, नगाला ७७१ रुपये: वाळूजच्या जॉबवर्क गाळ्याचा हिशेब

काम साधं होतं. कम्युटर मोटारसायकलच्या मागे बसणारं लोखंडी कॅरिअर, त्यावर दुधाचा कॅन किंवा खताची गोणी बांधता यावी, आणि नग फक्त ३०. एवढ्या कमी संख्येला मोठे पुरवठादार फोनवरच नाही म्हणतात. गल्लीतला वेल्डर हो म्हणतो, पण त्याचा पहिला नग आणि तिसावा नग सख्खे भाऊ वाटत नाहीत. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीतला हा गाळा या दोघांच्या मधला आहे: पत्रा कापणारं एक फायबर लेझर, पत्रा वाकवणारं एक सीएनसी (संगणकावर चालणारं) बेंडिंग मशीन, एक पाइप बेंडर, मिग वेल्डिंगचे तीन सेट. पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची पावडर चढवून भट्टीत भाजणं, बाहेरून करून घेतात. १९८५ला इथे बजाजचा कारखाना सुरू झाला, त्यानंतर भोवती सुटे भाग पुरवणारे गाळे उभे राहिले. मशीन रिकामं असलं की त्यातले काही जण असं किरकोळ काम घेतात. हाही त्यातलाच.

सगळ्यात जमेची बाजू कोटेशन. बहुतेक ठिकाणी ‘किलोला इतके, घ्यायचं तर घ्या’ असा एकच आकडा तोंडावर मारतात. इथे कागदावर प्रत्येक कामाची वेगळी ओळ मिळाली, त्यामुळे ती पडताळता आली.

माल कसा मोजला ते बघा. वरची प्लेट ३ मिमी, ३०० बाय २२०. पत्र्याच्या मिमीतल्या जाडीला ७.८५ने गुणलं की चौरस मीटरचं वजन किलोत निघतं, म्हणून प्लेट १.५५ किलो. दोन ब्रॅकेट ५ मिमीची, ४० बाय २६०, मिळून ०.८२ किलो. मागची कमान बाहेरून पाऊण इंच व्यासाच्या पाइपची, २ मिमी जाड, लांबी १.१ मीटर. पाइपचं वजन काढायचं तर मिमीतल्या बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करा, त्याला जाडीने आणि मग ०.०२४६६ने गुणा, मीटरचं वजन येतं. इथे ते ०.८४ किलो, म्हणजे कमानीचं ०.९३. एकूण ३.३ किलो, आणि काटछाट धरून त्यांनी ३.८ लावले. पंधरा टक्के छाट ही एवढ्या लहान लॉटला रास्तच. सरासरी ६६ रुपयांनी मालाचे २५० झाले. (जालना जवळ असला तरी तिथल्या मिलमध्ये सळई निघते, पत्रा दुसरीकडून येतो. तेव्हा ‘जालन्याचा स्वस्त पत्रा’ कुणी सांगितला तर मान डोलावू नका.)

पुढच्या ओळी: लेझर कटिंग सुमारे ४ मीटर, मीटरला १५, म्हणजे ६०. प्लेटच्या आणि ब्रॅकेटच्या मिळून चार बेंडचे ३२. पाइपच्या दोन बेंडचे २४. वेल्डिंग आणि ग्राइंडिंग ११०. पावडर कोटिंग ९५. बेरीज ५७१.

यावर नग कितीही असले तरी तेवढाच लागणारा खर्च ६,००० रुपये, आणि सगळा भाव ठरतो तो इथेच. ड्रॉइंग आणि लेझर प्रोग्रामचे १,५००, वेल्डिंगच्या जिगचे (भाग जागेवर धरून ठेवणारा साचा) ३,६००, बेंडिंगच्या सेटिंगचे ९००. ३० नगांवर वाटले की नगाला २००, म्हणून भाव ७७१. १० नग घेतले असते तर ११७१, आणि १०० घेतले असते तर ६३१. दुसऱ्यांदा हेच ३० नग मागितले तर ड्रॉइंग आणि जिग तयार असतात, फक्त सेटिंग लागतं, म्हणून ६०१. जीएसटी १८ टक्के वेगळा. भावासाठी घासाघीस करायची असेल तर वेल्डिंगच्या ११०वर करू नका. ते कमी केले की कारागीर टाके कमी मारतो. त्यापेक्षा नग वाढवा, नाहीतर बेंड कमी होतील असं ड्रॉइंग बदला.

ड्रॉइंगमधली एक चूक त्यांनी आपणहून पकडली, याचे गुण वेगळे द्यायला हवेत. ब्रॅकेटवरचं भोक बेंडच्या अगदी जवळ होतं. भोकाची कड बेंडच्या गोलाईपासून निदान जाडीच्या अडीचपट लांब हवी, ५ मिमीला साडेबारा मिमी. नाहीतर वाकवताना भोक ओढलं जाऊन अंडाकृती होतं आणि बोल्ट तिरका बसतो. त्यांनी भोक सरकवलं आणि गोल भोकाऐवजी ९ बाय १४ मिमीचा स्लॉट, म्हणजे लांबट भोक, घ्यायला सांगितलं. एम८ (८ मिमीच्या) बोल्टला तो बरोबर आहे. प्रत्येक बेंडला अर्धा मिमी इकडेतिकडे होतं, वर कोटिंगचा थर चढतो. हे सगळं स्लॉट पोटात घेतो.

वेल्डिंग समाधानकारक. कमान प्लेटला सलग न जोडता २० मिमी टाका, ४० मिमी मोकळं, असं केलंय. ३ मिमीच्या प्लेटवर सलग रेघ ओढली तर ती तापून पापडासारखी वळते. नग गार होईपर्यंत जिगमध्ये धरून ठेवले होते. सपाट फरशीवर ३० नग ठेवून पाहिले तर फक्त दोन डुगडुगले, तेही जेमतेम एक मिमी.

आता रडगाणं. लेझरने कापताना सोबत वायूचा झोत सोडतात, आणि ५ मिमीची ब्रॅकेटं ऑक्सिजनवर कापली होती. ऑक्सिजनने कापलेल्या कडेवर ऑक्साइडचा पातळ काळसर थर राहतो. पावडर त्या थराला चिकटते, लोखंडाला नाही. चार नगांच्या कडेवर नखाने खरवडलं तर रंग सालीसारखा निघाला. प्लेटला हे झालं नाही, कारण ती नायट्रोजनवर कापली होती. उपाय दोन: जाड भागही नायट्रोजनवर कापून घ्या (मीटरचा दर वाढतो), नाहीतर कोटिंगला देण्याआधी कडा घासून घ्या. ऑर्डरमध्ये हे लिहिलेलं नसेल तर कुणी करत नाही. चारही नग त्यांनी परत घेतले, रंग उतरवून पुन्हा कोटिंग करून दिलं, पण त्यात आठ दिवस गेले.

दुसरी कटकट कॅरिअरला वेल्ड केलेल्या एम६ नटांची. कोटिंगला देताना सिलिकॉनची बुचं घातलीच नाहीत, आटे पावडरने भरले. टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारून साफ करावं लागतं, नटामागे मिनिटभराचं काम, पण ते ग्राहकाच्या माथी का?

पाइपच्या कमानीला खालच्या बाजूला ५ मिमीचं भोक ठेवलं होतं, हे चांगलं. दोन्ही टोकं बंद असलेल्या पाइपमध्ये धुलाईचं पाणी अडकतं, भट्टीत १८० ते २०० अंशांवर त्याची वाफ होऊन वेल्डच्या फटीतून बाहेर येते आणि रंगाला फोड येतात. कोटिंगचा थर जाडी मोजायच्या मीटरने ६० ते ८० मायक्रॉन भरला. प्लेट आणि ब्रॅकेटच्या आतल्या कोपऱ्यात मात्र तो पातळ आहे. अशा खोबणीत पावडर नीट जात नाही, तेव्हा नग पाहताना तिथेच आधी बघा.

मुदत १२ दिवसांची सांगितली होती, लागले १९. महिनाअखेरीला कंपनीचा माल निघायचा असला की किरकोळ ऑर्डर मागे जाते. ज्यांना घाई आहे त्यांनी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ऑर्डर द्यावी. आणि नमुना बसवून बघायला प्रत्यक्ष गाडी घेऊन जा. एकाच नावाच्या गाडीचं बीएस-४ आणि बीएस-६ मॉडेल असलं तर मागच्या बोल्टांच्या जागा एकच असतील असं गृहीत धरू नका. साडी गार्ड काढून कॅरिअर बसवायला त्यांनी नकार दिला, तो योग्यच. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे मागच्या चाकावर ते संरक्षण लागतंच. जीप-कारच्या पुढे बसवायचा लोखंडी बुलबारही ते करत नाहीत. डिसेंबर २०१७मध्ये केंद्राने राज्यांना पत्र पाठवून तो बेकायदा असल्याचं कळवलंय.

पत्र्याची जाडी गेजच्या नंबरात बोलू नका, मिमीत लिहून द्या. ‘चौदा गेज’ म्हटलं की कुणी २ मिमी समजतो, कुणी १.९. आणि जिगचे पैसे ग्राहकाने दिलेत तर ते ग्राहकाचं, असं बिलावर लिहून घ्या. इथे मागितल्यावर लिहून दिलं, आणि जिगवर पांढऱ्या रंगाने ऑर्डर नंबरही टाकला.