कीबोर्डचा सुटा भाग: कंपनीकडून, भंगारातल्या जोडीदारातून, बाजारातून की परदेशातून?

घरातल्या किंवा भजनी मंडळाच्या कीबोर्डची मधली एखादी पट्टी बोलेनाशी झाली, की पहिला सल्ला मिळतो तो ‘नवीनच घ्या’ असा. मला तो सल्ला पटत नाही. 61 पट्ट्यांच्या साध्या कीबोर्डमध्ये बिघडणाऱ्या गोष्टी मोजक्या असतात. स्क्रूड्रायव्हर, मल्टिमीटर आणि बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न हाताशी असेल, तर त्यांतल्या बऱ्याच घरी दुरुस्त होतात. घोडं अडतं ते सुट्या भागापाशी.

भाग मिळवायच्या वाटा चार: कंपनीचं सर्व्हिस सेंटर, त्याच मॉडेलचा बंद पडलेला जुना कीबोर्ड (त्याला मी ‘जोडीदार’ म्हणतो), इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार आणि परदेशातून मागवणं. त्यांत सरसकट चांगली अशी कुठलीच नाही. गेलेला भाग कोणता, यावरून वाट ठरते. ज्या भागाचा आकार त्या एकाच मॉडेलचा आहे, त्याची वाट वेगळी. ज्याच्यावर नुसता आकडा छापलेला असतो, त्याची वेगळी. हे आधी ठरवलं नाही तर पैसे जातात आणि कीबोर्ड महिनोन्महिने उघडा पडून राहतो.

भाग खरंच लागतोय का?

पट्टीखाली रबर स्ट्रिप असते. तिच्या फुगवट्यांत काळ्या कार्बनच्या टिकल्या असतात. पट्टी दाबली की टिकली बोर्डवर टेकते आणि तिथल्या दोन रेघा जोडते. बोटाच्या जोराप्रमाणे आवाज कमीजास्त होणाऱ्या कीबोर्डमध्ये प्रत्येक पट्टीला अशा दोन टिकल्या असतात. एक आधी टेकते, दुसरी किंचित नंतर, आणि मधल्या वेळावरून जोर मोजला जातो. म्हणजे 61 पट्ट्यांना 122 जोड झाले. त्यांत धूळ, बुक्का, उदबत्तीची राख किंवा पावसाळ्यातला दमटपणा शिरला, की पट्टी मुकी होते किंवा हलकेच दाबूनही दणकन वाजते. अशा वेळी धागे न सुटणारं कापड 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओलसर करून टिकल्या आणि बोर्डवरच्या काळ्या रेघा हलक्या हाताने पुसाव्यात. पॉलिश पेपर लावू नये. रेघा कार्बनच्याच छापलेल्या असतील तर निघून जातात. अनेकदा काम इथेच संपतं.

शेजारशेजारच्या दोन-तीन पट्ट्या गेल्या असतील तर मळाचा किंवा रबराचा संशय घ्यावा. ठराविक अंतराने पट्ट्या गेल्या असतील तर रबर विकत घेऊ नका. पट्ट्या ओळी आणि स्तंभांच्या जाळ्यातून वाचल्या जातात. त्यातली एक ओळ तुटली की तिच्यावरच्या सगळ्या पट्ट्या एकदम जातात. तिथे रिबन केबल, तिचा कनेक्टर किंवा तडकलेला सोल्डर पाहायचा. आणि हेडफोनवर आवाज येतोय पण स्पीकर गप्प आहेत, असं असेल तर स्पीकर निर्दोष असण्याची शक्यता मोठी. हेडफोनचा प्लग घातला की स्पीकरचा जोड तोडणारी पाती त्या जॅकमध्येच असते. ती मळली किंवा वाकली की कीबोर्डला कायम हेडफोन लावलाय असंच वाटत राहतं.

रबर खरोखर झिजलं असेल तरी एक बिनपैशाचा उपाय उरतो. स्ट्रिप बहुधा सप्तकाच्या मापाने तुकड्यांत येतात. भजन, भावगीत वाजवणाऱ्याचा हात मध्य सप्तकातच फिरतो, त्यामुळे तिथलं रबर आधी जातं आणि टोकाच्या सप्तकातलं जवळपास नवं राहतं. तुकडे सारखे असतील तर अदलाबदल करा. शेवटच्या वरच्या ‘सा’मुळे एक तुकडा 13 पट्ट्यांचा असू शकतो, तेवढं मोजून घ्या.

कंपनी

पट्टी तुटली, बटणांचं रबर फाटलं, डिस्प्ले गेला, तर पहिली चौकशी कंपनीकडेच करावी, विशेषतः मॉडेल अजून विक्रीत असेल तर. भाग तंतोतंत बसतो, कापाकापी नाही, अंदाज नाही. त्यासाठी सर्व्हिस मॅन्युअलमधला भाग क्रमांक हाती हवा. त्या पुस्तिकेत कीबोर्डचा प्रत्येक भाग सुटा करून दाखवलेलं चित्र असतं आणि शेजारी क्रमांक. नुसतं ‘एक पांढरी पट्टी हवी’ म्हटलं तर काउंटरवरच्या माणसालाही काही करता येत नाही. पांढऱ्या पट्ट्या एकसारख्या नसतातच. काळ्या पट्टीसाठी घेतलेली खाच प्रत्येकीत वेगळ्या जागी असते. शिवाय स्वस्त कीबोर्डमध्ये पट्ट्या एकेकट्या नसून एकाच दांडीला जोडलेल्या साच्यातून येतात: सी, ई, जी, बी एका तुकड्यात, डी, एफ, ए दुसऱ्यात, पाचही काळ्या तिसऱ्यात. एक तुटली तरी अख्खा तुकडा घ्यावा लागतो. हे माहीत असलं की किंमत ऐकून धक्का बसत नाही.

मागच्या लेबलवरचं मॉडेलचं नाव पूर्ण सांगा. यामाहाच्या पीएसआर-आय500 मधला ‘आय’ किंवा कॅसिओच्या सीटी-एक्स8000आयएन मधला ‘आयएन’ वगळू नका. भारतासाठी काढलेल्या या कीबोर्डांमध्ये इथल्या वाद्यांचे आवाज आणि ताल आहेत, ते मुख्य बोर्डावर असतात. दिसायला सारख्या परदेशी मॉडेलचा बोर्ड बसवला तर तबला-तानपुरा गमवाल.

कंपनीच्या वाटेची अडचण अशी, की बरीच केंद्रं सुटा भाग हातात देण्यापेक्षा कीबोर्ड आणून द्या म्हणतात, आणि मॉडेल बंद होऊन बरीच वर्षं झाली असली की साठा संपलेला असतो. केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, पण ते शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं या चार क्षेत्रांसाठी. वाद्यांना त्यात वेगळी जागा नाही. ती मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं. गावोगावच्या क्लासमधली मुलं याच कीबोर्डवर शिकतात आणि एका रबरासाठी वाद्य बाद होणं हे नुकसान लहान नाही.

जोडीदार

बंद झालेल्या मॉडेलसाठी माझी पहिली पसंती हीच. त्याच मॉडेलचा, दुसऱ्याच कारणाने गेलेला कीबोर्ड शोधायचा आणि त्याला सुट्या भागांचं कपाट म्हणून ठेवायचं. 61 पट्ट्या, सगळी रबरं, बटणं, डिस्प्ले, स्पीकर, सेलच्या खान्याचं झाकण, नेमक्या लांबीचे स्क्रू, हे सगळं एकाच सौद्यात येतं. सेलचं झाकण आणि व्हॉल्यूमची टोपी या वस्तू कुठल्याच बाजारात शोधून सापडत नाहीत. त्या अशाच मिळतात.

शोधायचं कुठे? पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी, मुंबईच्या चोरबाजारात, जुन्या वस्तूंच्या ॲपवर. पण खरा साठा असतो तो वाद्यं दुरुस्त करणाऱ्यांच्या माळ्यावर आणि संगीताच्या क्लासच्या अडगळीत. तिथे फोन करून विचारलं तर ‘घेऊन जा एकदाचं’ म्हणणारे भेटतात.

घेताना एकच प्रश्न नेटाने विचारा: ‘बंद आहे म्हणजे नेमकं काय झालंय?’ पाणी किंवा चहा सांडून मुख्य बोर्ड गेलेला, विजेच्या झटक्याने पेटलेला, पडून खोका फुटलेला, हे तुमच्या कामाचे. पट्ट्या आणि रबर बहुधा शाबूत असतात. पण ‘काही पट्ट्या वाजत नाहीत’ असं उत्तर आलं तर सोडून द्या. तुमचाच आजार त्याला आहे. चालू होत असेल तर हेडफोन लावून खालपासून वरपर्यंत प्रत्येक पट्टी एकदा हळू, एकदा जोरात वाजवून पाहा. सेलचा खाना उघडा. गळलेल्या सेलचा पांढरा-हिरवा थर दिसला तर तो आतल्या बोर्डापर्यंत पोचलाय का, तेही पाहा.

या वाटेचा मोठा दोष वयाचा. जोडीदारही तेवढाच म्हातारा असतो, आणि काही रोग वयाबरोबर सगळ्यांनाच होतात. ऑर्केस्ट्रात गाजलेल्या रोलँडच्या जुन्या मॉडेलांत, डी-70 किंवा एक्सपी-80 मध्ये, पट्ट्यांतली वजनं चिकटवणारा लाल गोंद कालांतराने पातळ होऊन खाली ओघळतो आणि पट्ट्या, रबर, बोर्ड सगळं चिकट करतो. तिथे दुसरा तसाच सेट घेणं म्हणजे तोच लाल चिकटा पुन्हा घरी आणणं. अशांसाठी एकतर आधीच साफ केलेल्या पट्ट्या घ्याव्या किंवा स्वतःच्याच साफ कराव्या.

मॉडेल तंतोतंत मिळालं नाही तर शेजारचं चालतं का? कधीकधी. कंपन्या एकच पट्टीपेटी, म्हणजे पट्ट्या, रबर आणि त्यांखालचा बोर्ड असा अख्खा संच, अनेक मॉडेलांत वापरतात. बाहेरच्या नावावर जाऊ नका. पट्ट्यांखालच्या बोर्डावर छापलेला क्रमांक जुळवा, मग रबरावरच्या फुगवट्यांचं अंतर आणि खुंट्यांच्या जागा. महागड्या सिंथमध्ये (आवाज स्वतः घडवता येणाऱ्या सिंथेसायझरमध्ये) तर पट्टीपेटी दुसऱ्याच कंपनीची असू शकते. इटलीतल्या रेकानाती गावची फातार कंपनी नॉर्डसारख्या अनेक ब्रँडना पट्टीपेट्या पुरवते, म्हणून तिथे भाग शोधताना सिंथच्या नावाऐवजी फातारच्या पेटीचा क्रमांक पकडावा.

बाजार

मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. इथे पट्टी किंवा रबर शोधत फिरू नका. इथून आणायचं ते आकड्याचं सामान: अडॅप्टर घालायचा डीसी सॉकेट, कॅपॅसिटर, व्हॉल्यूमचा पॉट (टोपीखालचा फिरणारा भाग), टॅक्ट स्विच (बटणाखालचा छोटा स्विच), स्पीकर. हे कंपनीकडून घेण्यात काहीच अर्थ नाही, कारण कंपनीही तेच कुणाकडून तरी विकत घेते.

जुना भाग काढून सोबत न्या. कॅपॅसिटरचे मायक्रोफॅरड तेच हवेत, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि 105 अंश तापमान सोसणारा मिळाला तर तोच घ्या. पॉटवर बी10के लिहिलं असेल तर बीच हवा; ए घेतला तर आकडा सारखा असूनही आवाज वेगळ्याच चालीने वाढतो. गोल गोल कितीही फिरणारा डायल हा पॉट नसून एन्कोडर असतो, दोघांची अदलाबदल होत नाही. स्पीकर मागे लिहिलेल्या ओहमचाच घ्या. 8च्या जागी 4 ओहम बसवला तर ॲम्प्लिफायरवर दुप्पट ताण येतो.

अडॅप्टर हाही बाजारातलाच भाग, पण त्याबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथली चूक सगळ्यात महागात पडते. बऱ्याच यामाहांना 12 व्होल्ट लागतात आणि प्लगच्या मध्यभागी धन टोक असतं. जुन्या अनेक कॅसिओंना 9 व्होल्ट लागतात आणि मध्यभागी ऋण. त्यानंतरचे कॅसिओ 9.5 व्होल्टचे, मध्य धन. ब्रँड एकच आणि ध्रुव उलटे, म्हणून ‘कॅसिओचा अडॅप्टर द्या’ एवढं सांगून चालत नाही. सॉकेटशेजारी छापलेलं चिन्ह पाहा आणि मल्टिमीटरने तपासूनच प्लग आत घाला. व्होल्ट तेच हवेत. अँपिअर लिहिल्यापेक्षा जास्त असले तरी चालतात, कमी नकोत. प्लगचं भोक 2.1 आणि 2.5 मिलिमीटर असं दोन मापांत येतं. मोठ्या भोकाचा प्लग बारीक पिनवर सैल बसतो आणि वाजवताना मधेच कीबोर्ड बंद पडतो. पुष्कळांना तो सॉकेटचा दोष वाटतो.

परदेश

ही वाट मी शेवटी ठेवतो. स्वस्त चिनी भागांसाठी जगभरचे लोक वापरतात ते अलीएक्सप्रेस भारतात नोव्हेंबर 2020 पासून बंद आहे. अमेरिकेत टेक्सासमधलं सिंटॉर हे दुकान जुन्या सिंथच्या पट्ट्या, रबर स्ट्रिप, बटणं मॉडेलवार विकतं. जुन्या रोलँड, कॉर्ग किंवा यामाहा सिंथसाठी तिथे नवं रबर मिळू शकतं, आणि जोडीदार शोधून ते मिळत नाही. पण भारतात मागवताना कुरिअर आणि सीमाशुल्क धरलं की साध्या 61 पट्ट्यांच्या कीबोर्डला हा हिशेब परवडत नाही. तिकडून सुट्टीला येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेत रबर स्ट्रिप सहज मावते, तेव्हा मात्र जरूर मागवा. अमेरिकेत राहणाऱ्यांनी उलट करावं: जुन्या सिंथसाठी आधी असं दुकान पाहावं आणि जोडीदार नंतर शोधावा.

तुमचं काय गेलंय?

विक्रीत असलेल्या मॉडेलची पट्टी, रबर, डिस्प्ले गेला: कंपनी. तेच बंद झालेल्या मॉडेलचं गेलं: जोडीदार, आणि तो मिळेपर्यंत रबराची अदलाबदल. अडॅप्टर, सॉकेट, पॉट, स्पीकर, कॅपॅसिटर, मॉडेल कुठलंही असो: बाजार. महागड्या जुन्या सिंथचं रबर: परदेश. त्या सिंथचे साठवलेले आवाज पुसले जात असतील तर आतला सेल संपलाय. 1988च्या कॉर्ग एम1 मध्ये तो सीआर2032 असतो आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. फक्त बदलण्याआधी आवाज दुसरीकडे उतरवून ठेवा, कारण सेल काढला की ते जातात.

मुख्य बोर्डच गेला असेल तर मात्र शोध थांबवा. त्यावरची मोठी चिप त्या कंपनीसाठीच बनवलेली असते, बाजारात येत नाही, आणि जोडीदाराचा चालू बोर्ड मिळत असेल तर तो जोडीदार स्वतःच चालू कीबोर्ड आहे. तोच विकत घ्या, तुमचा खोका त्याला भाग पुरवायला ठेवा, आणि ठेवण्याआधी त्यातले सेल काढा.