नेटबीएसडी १०.१ जुन्या नेटबुकवर: काही महिन्यांच्या वापरानंतर

ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ (लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम) आलं, आणि त्यात ३२-बिट पीसीसाठी ना इन्स्टॉलर, ना कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा. माझं नेटबुक ॲटम एन२७० या ३२-बिट प्रोसेसरचं, १ जीबी रॅम. नागपुरात बर्डीतल्या दुकानदारानं मशीन उघडूनसुद्धा पाहिलं नाही. "भाऊ, भंगारात द्या अन् नवीन घ्या." चालत्या मशीनबद्दल असं बोललेलं मला सहन होत नाही. स्क्रीन शाबूत, कीबोर्ड शाबूत, मग टाकायचं कशाला? डेबियन १२वर आणखी काही दिवस ढकलता आले असते, पण मला कायमची सोय हवी होती. म्हणून नेटबीएसडी टाकली, युनिक्सच्या कुळातली मोफत ऑपरेटिंग सिस्टिम.

सुरुवातीला मत वाईटच झालं. कारण वायफाय. नेटबीएसडीचं वायफाय अजून ८०२.११जी या जुन्या पिढीवरच अडलंय. कागदावर ५४ एमबीपीएस, हातात त्याच्या निम्मेही नाहीत. नेटबुकचा लॅन पोर्ट वळवाच्या पावसात वीज कडाडली तेव्हाच गेलेला. दोन तारे देऊन मोकळा होणार होतो.

मग कपाटातला जुना यूएसबी-लॅन डोंगल लावला, एएसआयएक्स ८८७७२ चिपचा. लगेच ओळखला गेला, वेगळा ड्रायव्हर शोधावा लागला नाही. तोच डोंगल मुद्दाम नेटबीएसडीच असलेल्या रास्पबेरी पाय ३ या छोट्या संगणकावर लावून पाहिला. एकीकडे ३२-बिट इंटेल, दुसरीकडे ६४-बिट आर्म, आणि दोन्हीकडे तोच ड्रायव्हर, तेच नाव: एएक्सई०. मी पुन्हा पुन्हा अदलाबदल करून पाहिली, इतका आनंद झाला!

हे आपोआप होत नाही. यूएसबीचे ड्रायव्हर सगळ्या मशीनांसाठी सामाईक कोडमध्ये असतात. विशिष्ट प्रोसेसरचं कोड वेगळ्या फोल्डरमध्ये. हार्डवेअरच्या रजिस्टरांना आणि डीएमएला (हार्डवेअरनं थेट मेमरी वापरणं) हात लावायचा तो ठरलेल्या थरांतूनच, बस-स्पेस आणि बस-डीएमए. बाइटांचा क्रम उलटा असलेल्या जुन्या पॉवरपीसी मॅकचाही विचार त्या ड्रायव्हरमध्ये केलेला आहे. वर्षानुवर्षं ही शिस्त पाळली गेली, म्हणून माझा डोंगल वाया गेला नाही.

कर्नलही ॲटमवर बनवावा लागत नाही. बिल्ड.एसएच ही स्क्रिप्ट आधी स्वतःचा कंपायलर तयार करते, त्यामुळे मुलीच्या लिनक्स लॅपटॉपवर आय३८६चा, म्हणजे ३२-बिट इंटेलचा कर्नल बनवून इकडे आणतो. जुना कर्नल वेगळ्या नावानं ठेवायचा. नवा नाही चालला तर मशीन सुरू होताना बूट प्रॉम्प्टवर जुन्याचं नाव द्यायचं.

बॅटरी मेलेली आहे, उन्हाळ्यात लाइट गेली की मशीन धाडकन बंद. एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कशी जोडायची ते सांगणारी फाइल) लॉग हा पर्याय आहे ना, हे नक्की पाहा. मग परत सुरू होताना डिस्क तपासणीत वेळ जात नाही.

फायरफॉक्ससाठी घेऊ नका, १ जीबीत ते शक्य नाही. टर्मिनल, मेल, सी शिकणं, गिट यासाठी चार तारे. पाचवा वायफायमुळे कापला आणि ८०२.११एन ही पुढची पिढी येईपर्यंत तो देणार नाही. तोवर डोंगल घ्या, पण खोक्यावर चिपचं नाव बहुतेकदा नसतं. दुकानातच लावून दाखवायला सांगा, आणि एएक्सई ड्रायव्हरच्या मॅन पेजमधली (सिस्टिमसोबत येणारं माहितीचं पान) यादी सोबत न्या.